"इंजिनाचं तापमान जास्त दाखवतंय": मोपावरचा खोळंबा आणि विमानाचा मेंटेनन्स

सत्तरीकर

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात गोव्यातल्या मोपा विमानतळावरून पुण्याला निघालो होतो. विमान बे सोडून मागे आलं, इंजिनं सुरू झाली आणि धावपट्टीकडे वळायच्या आतच पुन्हा जागेवर येऊन उभं राहिलं. कप्तानाने सांगितलं, एका इंजिनाचं तापमान जास्त दाखवतंय, इंजिनियर बघतील. बस्स, एवढंच. पुढे बराच वेळ कोणी काही बोललं नाही आणि मग विमानात आरडाओरडा सुरू झाला. "मे महिन्यात गरम होणारच, त्यात काय एवढं?" इथपासून "यांना फक्त प्रवासी भरायचे असतात, दुरुस्ती नको" इथपर्यंत सगळं ऐकलं.

माझी सीट पंखाच्या पुढे, खिडकीशी. खाली दोन तंत्रज्ञ इंजिनाचं झाकण उघडून उभे होते. एकाने वायरीचा एक जोड सोडवला, टॉर्च मारून आत पाहिलं, कापडाने पुसलं, पुन्हा पाहिलं आणि दुसऱ्याला दाखवलं. दुसऱ्याने हातातल्या कागदावर नोंद केली. वर दीडशे-पावणेदोनशे माणसं तापलेली, पण त्या दोघांच्या हालचालीत जराही घाई नव्हती. मला ते पाहून धीर आला. शेवटी आम्हाला दुसऱ्या विमानात बसवलं.

इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. विमानाचं इंजिन नेमकं किती तापतं आणि जास्त म्हणजे किती? गोव्याच्या हवेचा त्यात काही हात असतो का? आणि तसंच उडालं असतं तर काय झालं असतं? माझं मत आधीच सांगतो: उशीर झाला याचा मला राग नाही, काही सांगितलं नाही याचा आहे.

पर्वरीचा_पक्या

"मे महिन्यात गरम होणारच" म्हणणारे गृहस्थ आमच्या सोसायटीतले असणार. फ्रिज बंद पडला तेव्हाही ते हेच म्हणाले होते. :)

हँगरवाला

सत्तरीकर, बरं झालं विचारलंत. मी एएमई, म्हणजे विमान तपासून-दुरुस्त करून उड्डाणासाठी सही देणारा इंजिनियर. नोकरी सगळी लाइन मेंटेनन्समध्ये (दोन उड्डाणांच्या मधल्या तपासणी-दुरुस्तीत) गेली, आता निवृत्त होऊन वास्कोला असतो. तुमच्या विमानाला काय झालं होतं ते इथून सांगता येणार नाही. पण त्या दोघांनी आधी वायरीचा जोड का उघडला, ते सांगू शकतो.

कॉकपिटात जे तापमान दिसतं त्याला आम्ही ईजीटी म्हणतो, म्हणजे टर्बाइनमधून जाणाऱ्या वायूचं तापमान. इंजिनाच्या पोटात गोलाकार थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सळ्या, बसवलेले असतात, सीएफएम ५६ जातीच्या इंजिनात आठ-नऊ. त्यांची सरासरी वर दिसते. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ विमानांवर जी सीएफएम ५६ इंजिनं असतात, त्यांना टेकऑफच्या वेळी ९५० अंश सेल्सिअस ही लाल रेघ. व्ही२५०० इंजिनात तीच रेघ साडेसहाशेच्या आसपास आहे, कारण तिथे मोजायची जागा वेगळी, बरीच मागे. त्यामुळे दोन कंपन्यांच्या इंजिनांचे आकडे शेजारी ठेवून काही निष्कर्ष काढू नये.

आकडा चढलेला दिसला की पहिला प्रश्न हा: इंजिन खरंच तापलंय, की थर्मोकपल खोटं बोलतंय? मग शेजारचे आकडे बघायचे. इंजिन खरंच जास्त राबत असेल तर इंधनही जास्त पितं, आतल्या शाफ्टचा वेगही हललेला दिसतो. बाकी सगळं दुसऱ्या इंजिनाशी जुळतंय आणि एकटा ईजीटीच उड्या मारतोय, तर संशय वायरीवर. जोडात ओल शिरलेली असते, पिनेवर खाराचा थर धरलेला असतो. समुद्रकाठच्या स्टेशनांवर हे नेहमीचं. पण इंधनही चढलेलं असेल तर काम वाढतं. कुठे हवा गळतेय का, एखादी झडप अर्धवट अडकलीय का, इंधनाच्या नोझलला काजळी धरलीय का, पात्यांची टोकं झिजलीत का, एकेक बघत जावं लागतं.

आणि नुसती वायर खराब निघाली म्हणून विमान सोडून देता येत नाही. मी ज्या विमानांवर सही केली, त्यांत ईजीटी दिसत नसताना प्रवासी घेऊन उडायची मुभा नव्हती.

अनुजा_म्हापसा

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. "किती तापतं" याचं उत्तर मी देते, कारण मुलांना हे सांगताना मलाच दरवेळी थक्क व्हायला होतं.

ईजीटी ९५० म्हणजे इंजिनातली सर्वांत गरम जागा ९५० नव्हे. कंबस्टरमधून, म्हणजे इंधन जळतं त्या भागातून, टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर येणारा वायू आधुनिक इंजिनात टेकऑफला १५०० अंशांच्या पुढे असतो. ती पाती निकेलच्या मिश्रधातूची, आणि तो मिश्रधातू १३०० ते १४०० च्या दरम्यान वितळायला लागतो. म्हणजे धातू ज्या तापमानाला वितळतो त्याहून गरम वाऱ्यात तो मिनिटाला दहा हजारांहून जास्त वेळा गरगरत असतो. तरी टिकतो.

कसा? कंप्रेसरमधली, म्हणजे हवा दाबणाऱ्या पुढच्या भागातली, थोडी हवा ज्वलनाकडे न नेता बाजूने काढून घेतात. ती "थंड" हवाही पाच-सहाशे अंशांची असते! ती पात्याच्या पोटातल्या नागमोडी वाटांमधून फिरवतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रांतून बाहेर सोडतात. बाहेर पडताच ती पात्याच्या अंगावर पातळ पडद्यासारखी पसरते आणि गरम वायूला धातूला भिडू देत नाही. त्याखाली झिर्कोनियाचा, म्हणजे सिरॅमिकचा थर. शिवाय पहिल्या टप्प्याची पाती बऱ्याच इंजिनांत एकाच स्फटिकाची ओततात. तापलेला धातू सतत ताणाखाली राहिला की हळूहळू लांबत जातो, आणि धातूतल्या कणांच्या सीमा तिथे कच्च्या ठरतात. म्हणून सीमाच ठेवायच्या नाहीत.

आता विचार करा, त्यातली चार छिद्रं धुळीने बुजली तर? इंजिनाच्या एकूण आकड्यात फारसा फरक दिसणार नाही, पण त्या पात्याचा तेवढा भाग उघडा पडेल. पात्याच्या धातूचं तापमान ठरल्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जरी जास्त राहिलं, तरी त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं असा या क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे. म्हणून "थोडंसंच जास्त होतं ना" हे वाक्य इथे चालत नाही.

रानवाटा

अनुजाताई, हे शाळेत असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

खारवी_मालीम

विमानातलं मला कळत नाही, पण इंजिन तापणं काय असतं ते मला विचारा. आमचे ट्रॉलर मालीम जेटीला लागतात. समुद्राचं पाणी आत ओढून कूलरमधून फिरवतो, त्यानेच इंजिन गार राहतं. खारं पाणी एकीकडे गार करतं आणि दुसरीकडे खात असतं. कूलरमध्ये झिंकचे तुकडे बसवतात, ते आधी गंजावेत आणि कूलर वाचावा म्हणून. झिंक वेळेवर बदललं नाही, पाणी ओढणाऱ्या पंपाच्या इंपेलरचं रबर फाटलं, की काटा वर चढायला लागतो.

माझा तांडेल (बोट चालवणारा) काटा बघायच्या आधी मागे बाहेर पडणारं पाणी बघतो. धार बारीक झाली की समजायचं. आग्वादच्या बाहेर वारा सुटलेला असताना इंजिन बंद करायची पाळी आली तर काय होतं ते आम्ही भोगलंय, म्हणून १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळात इंजिन पूर्ण खोलतो. खर्च होतो. शेजारचे म्हणतात, चालतंय ना, कशाला खोलतोस. चालतंय तेव्हाच खोलायचं असतं बाब, बंद पडल्यावर खोलतात त्याला दुरुस्ती म्हणतात.

मला हँगरवाल्यांना विचारायचंय, विमानालाही खार बाधतो का?

हँगरवाला

खारवीबाब, बाधतो म्हणजे काय, तुमच्याइतकाच. फक्त वाट वेगळी.

समुद्रावरच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात. ते कंप्रेसरच्या पात्यांवर धुळीसोबत बसतात, पाती खरखरीत होतात आणि हवा नीट दाबली जात नाही. मग तेवढाच जोर काढायला जास्त इंधन जाळावं लागतं आणि ईजीटी वर सरकतो. दुसरा त्रास त्याहून वाईट. मीठ पुढे गरम भागात पोचलं की इंधनातल्या गंधकाशी त्याचा संयोग होतो आणि सोडियम सल्फेट तयार होतं. ते वितळून टर्बाइनच्या पात्यांना चिकटतं आणि धातूवरचा संरक्षक थर खातं. याला आम्ही हॉट करोजन म्हणतो. बोरोस्कोपमधून (आत सरकवायच्या कॅमेऱ्याच्या नळीतून) पाहिलं तर पात्यावर फोड आल्यासारखे दिसतात.

उपाय साधा आहे, पण तो वेळच्या वेळी करावा लागतो. इंजिन वॉश. इंजिन गार होईपर्यंत थांबायचं, मग न पेटवता नुसतं स्टार्टरवर फिरवायचं आणि क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी आत फवारायचं. नळाचं पाणी चालत नाही, त्यातही क्षार असतात. नंतर इंजिन चालवून सुकवायचं. चांगल्या वॉशने ईजीटीचे पाच-दहा अंश परत मिळतात, कधी त्याहून जास्त. लहान टर्बोप्रॉप विमानांची पीटी६ इंजिनं सतत समुद्रावरून उडत असतील, तर मीठ काढायचा वॉश रोजच्या रोज करा असंच उत्पादक सांगतो.

रूपाली_मडगाव

मग आपल्याकडचा पाऊस फुकटात वॉश करत नाही का? जून-जुलैत विमानं धो धो पावसातून उतरतात.

हँगरवाला

रूपालीताई, प्रश्न रास्त आहे. चालू इंजिनात पुढचा मोठा पंखा इतक्या जोरात फिरतो की बहुतेक पाणी बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि गाभ्याला वळसा घालून निघून जातं. ते चांगलंच आहे, नाहीतर इंजिन विझेल. पण त्यामुळे गाभा काही धुतला जात नाही.

शंकासूर

मला हे सगळं जरा जास्त गोडगोड वाटतंय. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावरही उडू शकतं, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. मग आकडा थोडा वर गेला म्हणून पावणेदोनशे लोकांना खोळंबवायचं? कोणाची कनेक्टिंग फ्लाइट असते, कोणाची मुलाखत, कोणी आजारी माणसाला भेटायला निघालेलं असतं. त्यांच्या वेळेची किंमत शून्य? आणि "तांत्रिक कारण" हा शब्द कंपन्या कशावरही पांघरूण घालायला वापरतात, हे आपण सगळे जाणतो. मागे माझं विमान रद्द झालं तेव्हाही हेच कारण दिलं, आणि नंतर कळलं की वैमानिकांची ड्युटी संपली होती.

उजवी_सीट

शंकासूर, मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. कंपनीचं नाव घेणार नाही. तुमचा राग मी रोज दाराशी उभा राहून ऐकतो आणि त्यातला माहिती न मिळण्याचा भाग मला पूर्ण पटतो.

एका इंजिनावर उडता येतं, खरं आहे. टेकऑफच्या ऐन क्षणी एक इंजिन गेलं तरी उरलेल्या इंजिनावर चढता आलं पाहिजे, हे विमानाला मान्यता देतानाच सिद्ध करावं लागतं. पण ती शिदोरी न कळत येणाऱ्या संकटासाठी आहे. जमिनीवर असताना माहीत असलेला बिघाड घेऊन निघालो, तर ती शिदोरी मी बे सोडतानाच संपवली. मग वर पक्षी आला तर काय करायचं?

इथे एक गोष्ट कोणी सांगितली नाही. आम्ही बहुतेक वेळा पूर्ण जोर लावून उडतच नाही. वजन कमी आणि धावपट्टी लांब असेल तर कॉम्प्युटरला आम्ही मुद्दाम खोटं तापमान सांगतो. बाहेर ३२ अंश असताना ५५ भरतो, आकडा अर्थात हिशेब करून काढलेला. इंजिन समजतं की बाहेर फार गरम आहे, आणि तेवढ्या उष्णतेत जो जोर देता येईल तेवढाच देतं. टर्बाइन कमी तापते. रोजच्या उड्डाणांतून वाचवलेले हे अंश मिळून इंजिन दुरुस्तीला न उतरवता पंखावर जास्त काळ राहतं. पूर्ण टेकऑफ जोरालाही वेळेची मर्यादा आहे, साधारण पाच मिनिटं; एक इंजिन गेलं असेल तर दहा.

बाहेरच्या उष्णतेचा मुद्दाही निघालाय. बहुतेक इंजिनं समुद्रसपाटीला ३० अंशांपर्यंत पूर्ण ठरलेला जोर देतात. त्यापुढे पारा चढेल तसा जोर कमी करावा लागतो, नाहीतर ईजीटी रेघ ओलांडेल. गोव्यात एप्रिल-मेला पारा तेहतीस-चौतीस असतो, म्हणजे आपण त्या उंबरठ्याच्या पलीकडेच असतो. तरी विमान थांबत नाही, वजनाचा हिशेब बदलतो. २०१७ च्या जूनमध्ये अमेरिकेत फिनिक्सला पारा ४८ च्या वर गेला तेव्हा सीआरजे जातीच्या छोट्या विमानांची उड्डाणं रद्द झाली, कारण त्या विमानाला मान्यताच तेवढ्यापर्यंत होती. तिथे इंजिनात बिघाड नव्हता. त्यामुळे "मे महिना आहे म्हणून" हे तुमच्या फ्लाइटचं कारण असण्याची शक्यता फार कमी. त्या दिवशी त्याच रणरणत्या उन्हात बाकीची विमानं उडतच होती ना.

बोगमाळो_बीच

उष्णता आणि जोर यावरून बाबांची आठवण निघाली. ते नौदलात सी हॅरियर या लढाऊ विमानावर तंत्रज्ञ होते, आयएनएस हंसाला, म्हणजे दाबोळीच्या नौदल विमानतळावर. १९८३ च्या डिसेंबरात पहिली सी हॅरियर गोव्यात आली आणि २०१६ च्या मे महिन्यात इथेच त्यांना निरोप दिला.

हे विमान हवेत एका जागी तरंगतं आणि सरळ खाली उतरतं. त्या वेळी पंखांचा उपयोग नसतो, सगळं वजन पेगासस इंजिनाच्या झोतावर. गोव्याच्या उष्ण हवेत नेमका तेव्हाच जोर कमी पडायचा आणि टर्बाइन तापायची. त्यासाठी विमानात शुद्ध पाण्याची टाकी असायची, सुमारे सव्वादोनशे लिटरची. उतरताना ते पाणी इंजिनात फवारायचं, टर्बाइनचं तापमान खाली यायचं आणि इंजिनाला जास्त वेग देता यायचा. टाकी जेमतेम दीड मिनिटात रिकामी. तेवढ्यात उतरलंच पाहिजे. बाबा सांगत, टाकीत भरायचं पाणी ते स्वतः उन्हात धरून बघायचे. दुसऱ्याने तपासलंय म्हटलं तरी बघायचेच.

मांडवीकाठ

व्वा! बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमच्या आवारात सी हॅरियर उभं आहे, आणि बाहेर ते मोठं चार पंख्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन. त्याच्याही इंजिनाची कथा याच विषयातली. राइट आर-३३५०, अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगांत, हवेने थंड होणारं. पुढच्या रांगेला वारा लागतो, मागची रांग आडोशाला. हेच इंजिन दुसऱ्या महायुद्धात बी-२९ ला लावलं तेव्हा मागचे सिलिंडर तापून आगी लागायच्या. १९४३ साली बी-२९ चा एक प्रोटोटाइप इंजिनाच्या आगीमुळेच सिअ‍ॅटलमध्ये कोसळला. पुढे इंजिन सुधारलं, पण नाजूक राहिलं ते राहिलंच. कॉन्स्टेलेशनमध्ये फ्लाइट इंजिनियर नावाचा वेगळा माणूस बसायचा. सिलिंडर हेडचं तापमान बघून इंजिनाभोवतीच्या झडपा उघडझाप करणं हे त्याचं एक मुख्य काम. एका इंजिनाला छत्तीस स्पार्क प्लग, विमानाला एकशे चव्वेचाळीस! म्युझियममध्ये गेलात तर त्याच्या नाकाशी फोटो काढून परत येऊ नका, इंजिनाखाली उभं राहून वर बघा.

पर्वरीचा_पक्या

१४४ प्लग. माझ्या स्कूटरचा एक साफ करायला मेकॅनिक सोमवार देतो आणि गुरुवारी फोन उचलतो.

कुडचडेकर

आमच्याकडे खाणी चालू होत्या तेव्हा डंपर असेच तापायचे. लाल धूळ रेडिएटरमध्ये घट्ट बसायची. मोपा तर पठारावर आहे, आजूबाजूला बांधकामं. विमानांना ती धूळ जात नसेल?

आणि माझं स्पष्ट मत: दाबोळी, आपला जुना विमानतळ, होती तेच बरं होतं. दक्षिणेतल्या माणसाने मोपाला जायचं म्हणजे टॅक्सीलाच...

पेडणेकर

झालं सुरू. आमच्या पेडण्यात विमानतळ आला की सगळ्यांना अंतर आठवतं. इतकी वर्षं आम्ही वास्कोपर्यंत येत होतो ते कोणी मोजलं नाही.

धागापाल

दाबोळी-मोपा आणि टॅक्सीभाड्यासाठी वेगळा धागा चालू आहे, कृपया तिकडे. इथे इंजिनाबद्दल बोलू या.

अनुजा_म्हापसा

कुडचडेकर, धुळीबद्दल तुमची शंका बरोबर आहे. धूळ म्हणजे शेवटी सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांची संयुगं. कंबस्टरच्या उष्णतेत ती वितळते आणि पुढे पात्यांवर काचेसारखी चिकटते. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं ७४७ रात्री जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. राख वितळून आत चिकटली होती. विमान खाली येत गेलं, राखेतून बाहेर पडलं, चिकटलेली काच गार होऊन बरीचशी निखळली आणि इंजिनं पुन्हा सुरू झाली. जकार्ताला सुखरूप उतरले सगळे. रस्त्यावरची धूळ इतकी घातक नसते, पण ती रोज जाते.

शंकासूर

माहिती उत्तम, पण माझा प्रश्न तसाच आहे. नोंदीतली एखादी छोटी गोष्ट खरंच कधी जिवावर बेतली आहे का? की सगळं "बेतू शकते" इतपतच?

हँगरवाला

बेतली आहे. शिकाऊ मुलांना मी हेच उदाहरण द्यायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२२ ऑगस्ट १९८५, इंग्लंडमधलं मँचेस्टर. कोर्फूला जाणारं ब्रिटिश एअरटूर्सचं ७३७-२००, सुटीला निघालेल्या माणसांनी भरलेलं. टेकऑफसाठी धावत असताना धाडकन आवाज झाला. कप्तानाला वाटलं टायर फुटला. त्याने उड्डाण थांबवलं, तेही ब्रेक फार जोरात न दाबता, टायर वाचावेत म्हणून. प्रत्यक्षात डाव्या इंजिनाचा नऊ क्रमांकाचा कंबस्टर कॅन फुटला होता. त्याचा तुकडा पंखाखालच्या इंधन टाकीच्या झाकणावर आदळला, इंधन सांडलं आणि गरम वायूने पेटलं. पंचावन्न माणसं गेली, बहुतेक धुराने.

तपासात काय निघालं? त्या कॅनला आधी तडा गेला होता आणि तो वेल्डिंग करून दुरुस्त केला होता. दुरुस्ती टिकली नाही. आणि ते इंजिन वेग घ्यायला ढिलं आहे, अशी नोंद टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) आधीच होती. नोंदीवर कामही झालं, पण ते आयडल, म्हणजे इंजिनाचा किमान वेग, जुळवण्यापुरतं. इंजिन हळू का उचलतंय याचं मूळ आतल्या तड्यात असेल, असा विचार त्या वेळच्या पद्धतीत बसत नव्हता. त्या नोंदीमागे उष्णतेने तडकलेला एक पत्रा होता.

म्हणून, शंकासूर, मी विमान उशिरा सोडलं म्हणून मला कोणी काही बोललं तर मी ऐकून घ्यायचो. ऐकून घेणं हा त्या सहीचाच भाग आहे. पण "थोडंच वर आहे, जाऊ दे" असं मी कधी लिहिलं नाही आणि माझ्या हाताखालच्या पोरांना लिहू दिलं नाही.

शंकासूर

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद, हँगरवाला. कंपन्यांच्या "तांत्रिक कारणा"बद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम.

वकील_फोंडा

त्याबद्दल मी सांगते. उशिरासाठी डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, नियम आहेत. देशांतर्गत छोट्या फ्लाइटला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यायची जबाबदारी कंपनीची. सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, हा पर्याय प्रवाशाला द्यावा लागतो. कारण विचारायचा हक्क तुम्हाला आहे, तो शांतपणे पण ठामपणे वापरा. काउंटरवरच्या मुलीवर ओरडून उपयोग नाही, तिलाही कोणी सांगितलेलं नसतं. मेल करा, वेळा लिहा, बोर्डिंग पास जपून ठेवा.

आकडेमोड

मेंटेनन्स फक्त खाली उभ्या माणसाच्या हातात असतो असंही नाही. गेल्या काही वर्षांत भारतात ए३२० निओवरच्या प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड इंजिनांनी जो त्रास दिला तो आठवा. २०१९ मध्ये डीजीसीएने लो प्रेशर टर्बाइनची तिसऱ्या टप्प्याची पाती सक्तीने बदलायला लावली. मग जुलै २०२३ मध्ये जाहीर झालं की त्याच इंजिनांच्या काही चकत्यांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत अशुद्धी होती. जगभर शेकडो विमानं तपासणीसाठी उभी राहिली, आपल्याकडेही कितीतरी. कारखान्यातच दोष राहिला तर लाइनवरचा एएमई काय करणार? तो फक्त वेळेत शोधू शकतो.

हँगरवाला

पूर्ण सहमत. त्या इंजिनाची आणखी एक गोष्ट या विषयातलीच आहे. इंजिन बंद केल्यावर आतली उष्णता वर चढते, शाफ्टची वरची बाजू गरम राहते, खालची गार होते, आणि शाफ्ट किंचित वाकतो. मिलिमीटरचा अंश असेल, पण पात्यांच्या टोकांना तेवढंही पुरतं घासायला. म्हणून पुन्हा सुरू करताना आधी न पेटवता फिरवत ठेवायचं, दोन्ही बाजू सारख्या गार होईपर्यंत. सुरुवातीला या इंजिनांना सुरू व्हायला किती वेळ लागतो म्हणून प्रवासी कुरकुरायचे, त्याचं हे कारण.

सत्तरीकर

काय एकेक वाचायला मिळालं! सगळ्यांचे आभार. म्हणजे मी खिडकीतून पाहिलं ते बहुधा थर्मोकपलचा जोड तपासणं होतं. पण मग जोड पुसून झाल्यावरही विमान बदललं ते का? आणि उतरल्यावर बे वर येऊनही इंजिन लगेच बंद करत नाहीत, त्याचा संबंध याच्याशीच का?

उजवी_सीट

दुसऱ्याचं उत्तर मी देतो. हो. उतरल्यावर इंजिन तीनेक मिनिटं कमी वेगावर चालू ठेवायचं, म्हणजे आतले भाग सारख्या गतीने गार होतात. बहुतेक वेळा ही मिनिटं टॅक्सी करतानाच निघून जातात. बे जवळ असेल तर थांबावं लागतं.

हँगरवाला

आणि पहिल्याचं मी. जोड साफ करून आकडा नीट दिसला, तरी तो का बिघडला होता आणि आता खरंच बरोबर आहे का, हे इंजिन चालवून बघावं लागतं. त्या दरम्यान मर्यादा खरंच ओलांडली होती का, ते विमानाच्या रेकॉर्डमधून काढावं लागतं. किती अंश आणि किती सेकंद, यावर पुढचं काम ठरतं. नुसती नोंद पुरते, बोरोस्कोप घालावा लागतो, की इंजिन उतरवावं लागतं, हे मॅन्युअलच्या तक्त्यात असतं. बोरोस्कोप म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी आत सरकवून एकेक पातं फिरवून बघणं. तासन्तास जातात. तुम्हाला तोवर बसवून ठेवण्यापेक्षा विमान बदललं, हे योग्यच केलं.

काणकोणचा_मुलगा

मी बारावी सायन्सला आहे. हा धागा सबंध वाचला. एएमई व्हायला काय करावं लागतं? इथे कोणी नीट सांगत नाही.

हँगरवाला

बाळा, फिजिक्स आणि मॅथ्स पक्कं ठेव. डीजीसीए मान्यता आहे अशीच संस्था बघ, नुसती जाहिरात बघून पैसे भरू नकोस, मान्यतेची यादी डीजीसीएच्या साइटवर असते. लायसन्सचे प्रकार वेगळे: इंजिन आणि विमानाच्या बांधणीकडे जायचं तर बी१, त्यात जेटसाठी बी१.१, वायरिंग, रेडिओ, उपकरणांकडे ओढा असेल तर बी२. परीक्षा एकेक मॉड्यूलच्या असतात आणि सोबत प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. संस्थेतून बाहेर पडलं की लगेच सही करता येते असं नाही, चिकाटी ठेवावी लागेल.

आजपासून एक सवय लाव. कुठलाही आकडा पाठ आहे म्हणून लिहू नकोस, पान उघडून बघ आणि मग लिही.

बोगमाळो_बीच

काणकोणच्या मुला, आपण एक करू. येत्या रविवारी सकाळी म्युझियमला भेटू. बाबांना घेऊन येते, त्यांना सी हॅरियरसमोर उभं केलं की ते तासभर बोलायचे थांबत नाहीत. हँगरवाला, तुम्ही वास्कोलाच आहात, याल का?

हँगरवाला

येतो. साडेदहाला गेटवर. टॉर्च आणतो.

खारवी_मालीम

मी पण येणार. त्या छत्तीस प्लगवाल्या इंजिनाखाली उभं राहायचंय.

सत्तरीकर

वाळपईहून फोंडामार्गे गाडी काढतोय. दोन जागा आहेत, फोंड्याला कदंब स्टँडवर कोणी चढणार असेल तर शनिवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.